सात देवांची पुढची रांग

बबिता मडावीला विनोद सुचायला लागले ते कार्यालयातल्या चहाच्या वेळी, त्यामुळे सगळं श्रेय कार्यालयालाच दिलं पाहिजे. यवतमाळातलं एक सरकारी कार्यालय. कोणतं ते सांगत नाही, कारण सगळ्यांनाच ते आपलंच वाटेल. तिथं आस्थापनेच्या टेबलावर बबिता वरिष्ठ लिपिक होती. चहा आला की कोणीतरी तिला म्हणायचं, "मॅडम, तुमचं बरं हाय. कोट्यातून लागल्या, कोट्यातूनच बढती भेटन." मग सगळे हसायचे. साहेबही हसायचे. आणि ज्यानं म्हटलं तो माणूस चहात बिस्किट बुडवत सांगायचा, "गंमत करून राह्यलो बरं, मनाले लावून नका घेऊ."

बबिता मनाला लावून घेत नसे. ती हसायचीसुद्धा. नोकरीला लागल्यापासून ती अशी हसत आली होती. एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की आपल्यावर इतके विनोद झाले, पण त्यातला एकही आपण केलेला नाही. त्यातला एकही चांगला नव्हता, हे तर तिला जास्तच लागलं.

त्याच आठवड्यात तिला निशिगंधा सापडली. ही मुलगी काही वर्षं पुण्यात राहून परत आली होती, आणि पुण्यात राहून परत आलेली माणसं करतात तेच तिनं केलं. वडिलांच्या कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॅफे काढला. दर रविवारी तिथं 'ओपन माइक' व्हायचा. म्हणजे असं, की एकानं माइक धरून उभं राहायचं, स्वतःच्या आयुष्यात झालेले पचके सांगायचे, आणि बाकीच्यांनी कॉफी पीत हसायचं. कीर्तनात बुवाच्या मागं टाळकरी तरी असतात. इथं माणूस एकटाच बुडतो.

बबिता एका रविवारी उभी राहिली. म्हणाली, "मी गोंड हाय. लोक म्हनतात, मॅडम, तुमी आदिवासी वाटत नाही. मी म्हनते, सोमवार ते शुक्रवार नाहीच वाटत. शनिवार-रविवार सुट्टी असते, तवा वाटते."

कोणी हसलं नाही. सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे झाले. एका मुलीनं डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी जवळ आली, बबिताचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, किती सोसलं असेल तुम्ही."

"मी जोक सांगत होती," बबिता म्हणाली.

"तेच तर," ती मुलगी म्हणाली, आणि तिला पुन्हा भरून आलं.

निशिगंधा मात्र खूश झाली. तिच्या मते हे फार पॉवरफुल होतं. ऑगस्टच्या नऊ तारखेला आदिवासी दिन असतो. त्या आठवड्यात साऱ्या जिल्ह्याला आदिवासींचं प्रेम दाटून येतं, आणि दहा तारखेला सकाळी ते आपोआप उतरतं. तर त्या प्रेमाच्या भरात मोठा हॉल घ्यायचा, बबिताचा अर्ध्या तासाचा शो ठेवायचा, अधिकाऱ्यांना बोलवायचं, असं निशिगंधानं उभ्या उभ्या ठरवून टाकलं. कॅफेत पाच मिनिटं बोलायला गेलेली बाई जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर हॉल बसला होता.

घरी ही बातमी सांगायची म्हणजे बाबांना सांगायची. सोनेराव मडावी गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आर्णी रोडच्या कॉलनीत त्यांचं घर. सगळी कॉलनी वऱ्हाडीत बोले, हे एकटे शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत. आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. दूधवाला आला तरी आधी शर्ट, मग दार. आजारी पडले तेव्हा डॉक्टरला बाहेर थांबवून शर्ट घातला, आणि डॉक्टरनं तपासायला तो लगेच काढायला लावला.

त्या शर्टामागं एक गोष्ट होती. आईनं ती बबिताला लहानपणी एकदा चोरून सांगितली होती आणि वर शपथ घातली होती, की बाबांसमोर ती कधी काढायची नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "बबिता, मी जन्मभर एकच गोष्ट सांभाळली. आपल्यावर कोणी हसता कामा नये. आणि तू लोकांना आमंत्रण देऊन हसायला बोलावते आहेस."

"बाबा, लोक हसतेच. या बारीनं कायच्यावर हसाचं ते मी ठरवीन."

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. म्हणजे बैठक संपली. बबिताला खरं सांगायचं तर जगाला हसवायची फारशी हौस नव्हती. पेपरमागच्या त्या एका माणसाला आपला विनोद आवडावा, एवढंच तिला पाहिजे होतं. बाबांना खळखळून हसताना तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग कॉलनीला कळलं. कॉलनीला कळवावं लागत नाही.

शेजारचे विठ्ठलराव हे निवृत्त नायब तहसीलदार. नोकरीत असताना कोणाचं काम न करण्याची जी सवय लागली होती, ती निवृत्तीनंतर सल्ले देण्याच्या कामी आली. कुंपणाशी उभं राहून ते म्हणाले, "विनोदातून संदेश गेला पाहिजे, बबिता. प्लास्टिक बंदीवर एखादा घे. अन् शेवटी राष्ट्रगीत ठेव, म्हंजे उठून जाता येत नाही कोनाले."

त्यांच्या पत्नी विजयमालाताई. त्यांचं आणि बबिताचं नातं गुडघ्याचं होतं. एकदा त्यांनी हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे जंगलातलं काही जडीबुटीचं असते म्हने. माह्या गुडघ्याले देनं थोडं." बबिताचा जंगलाशी संबंध म्हणजे कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवरचं काँग्रेस गवत, आणि त्याचीही तिला ॲलर्जी. पण ताई काही पिच्छा सोडेनात. शेवटी बबितानं मेडिकलमधून दुखण्याचं मलम आणलं, पळसाच्या पानात पिळलं, वरून दोरा बांधला आणि नेऊन दिलं. गुडघा बरा झाला. तेच मलम ताई आधी ट्यूबमधून लावत होत्या, तेव्हा होत नव्हता. तेव्हापासून अर्ध्या कॉलनीचे गुडघे बबिताच्या दारात येत.

हा तिचा हुकमी विनोद होता. पण विजयमालाताईंनी जाहीर केलं, की त्या स्वतः येणार आणि भिशीच्या सगळ्या बायकांनाही आणणार. झालं, हुकमी विनोद गेला.

त्यानंतर कार्यालय. सरकारी नोकरानं मंचावर चढायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. बबितानं अर्ज केला. असे अर्ज आस्थापनेच्या टेबलावर येतात, आणि आस्थापनेच्या टेबलावर बबिता बसते. म्हणजे तिचा अर्ज फिरून तिच्याकडेच आला. तिनं तो वाचला आणि हाडात मुरलेल्या सवयीनं त्यात त्रुटी काढली. 'अर्जदाराने सादर करावयाच्या विनोदांची संहिता सोबत जोडलेली दिसून येत नाही.' सही करून झाल्यावर तिला समजलं, की आपण काय करून बसलो. पण शेरा मारला की मारला. साहेबांनी त्याखाली 'सहमत' लिहिलं.

संहिता साहेबांकडे गेली आणि लाल शाईनं भरून परत आली. 'साहेब' या शब्दाऐवजी 'संबंधित अधिकारी' असे वापरावे. चहाचा विनोद वगळावा, कार्यालयीन वेळेत चहा होतो असा समज पसरतो. कोट्याचा विनोद वगळावा, भावना दुखावतात. कोणाच्या, हे लिहिलं नव्हतं. रोज तो विनोद ऐकून पहिले हसणारे साहेबच होते, त्यामुळे त्यांच्याच असाव्यात.

पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरची परवानगी काढायला गेली, तर हवालदाराला कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता. त्याच्या छापील कागदावर भजन होतं, ऑर्केस्ट्रा होता, मिरवणूक होती.

"बाई, नाचनार काय?"

"नाही."

"गानार?"

"नाही. नुसती बोलनार."

"कोनाच्या विरोधात?"

"कोनाच्याच नाही."

"मंग कायले बोलता?" त्यानं मनापासून विचारलं, आणि बराच विचार करून 'प्रबोधन' लिहिलं.

इकडे निशिगंधाचं पोस्टर छापून आलं. त्यावर बबिताचा कार्यालयातल्या ओळखपत्रावरचा फोटो होता, आणि कॉम्प्युटरवर तिच्या डोक्यात मोरपिसं खोवली होती. खाली लिहिलं होतं, 'जंगलातून थेट मंचावर'. मागं वारली चित्रं. महाराष्ट्रात आदिवासी म्हटलं की भिंतीवर वारली काढायची आणि मोकळं व्हायचं, मग तो आदिवासी कुठला का असेना.

"निशिगंधा, वारली तिकडे पालघरले. मी आर्णी रोडले राहते."

"पण लोकांना पटकन कळतं गं," निशिगंधा म्हणाली. "आणि तुझ्या स्क्रिप्टमध्ये स्ट्रगल कमी आहे. लहानपणी उपाशी वगैरे झोपली असशील ना?"

"एकदा झोपली. भरल्या वांग्याची भाजी होती म्हून."

निशिगंधानं तेही लिहून घेतलं, आणि वांग्यांचा भाग गाळायचं सुचवलं.

तर साहेबांनी गाळलेलं, विजयमालाताईंमुळे गळालेलं आणि निशिगंधानं घुसडलेलं वजाबेरीज करून जे उरलं, ते प्लास्टिक बंदीच्या बरंच जवळ आलं होतं. रात्रंदिवस बबिताच्या डोळ्यांपुढं कॅफेतले ते रडके चेहरे यायला लागले. हॉलभर माणसं बसलीत आणि सगळी आपला हात हातात घ्यायला येतात, असं तिला वाटायचं. त्या भीतीतून तिला जी युक्ती सुचली, तिचा तिला फार अभिमान वाटला. कीव करणाऱ्यांना मागं बसवायचं आणि पुढच्या रांगा आपल्या माणसांनी भरायच्या. आपली माणसं जोरात हसली की बाकीच्यांना हसावंच लागेल.

तिनं फोन लावायला घेतले. केळापूरचे मडावी, घाटंजीचे मडावी, राळेगावचे मडावी, चुलते, चुलतभाऊ, चुलतभावांचे चुलतभाऊ. सगळ्यांनी येतो म्हणून शब्द दिला. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सारे आपलेच काहून बोलावते व? सोयऱ्याइले बी सांग. तुह्या मामाले सांग."

"मामा लय बोलते आई. कार्यक्रमात मधातच बोलन."

आई पुढं काही बोलली नाही. ज्या बाया पुढं काही बोलत नाहीत, त्या फोन लावतात.

नऊ तारीख रविवारी आली. दुपारचा कार्यक्रम. पुढं सोफ्यावर साहेब आणि विठ्ठलराव. त्यांच्या मागं ओळीनं मडावी, सगळे स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत, हात गुडघ्यांवर. मधोमध बाबा, शर्टाला अशी इस्त्री की हात लावला तर कापेल. मागं भिशी मंडळ. त्याच्याही मागं निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

बबितानं पहिला विनोद टाकला. मडावींनी तो अत्यंत आदरानं ऐकला. दुसरा टाकला. एका चुलत्यानं मान डोलावली, श्रद्धांजलीच्या भाषणात डोलावतात तशी. भिशीच्या बायका भरल्या डोळ्यांनी बघत होत्या. हसत होते ते एकटे साहेब. त्यांनी संहिता मंजूर केलेली असल्यामुळे पुढं काय येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते प्रत्येक विनोदाच्या थोडं आधीच हसून घेत होते.

आपल्याच माणसांसमोर आपण असे आपटू, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. बाबांकडे बघायची तिची हिंमत होईना. उद्या चहाच्या वेळेला काय काय ऐकावं लागेल, ते तिला आताच ऐकू यायला लागलं.

एवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि पैकूमामा आत आला. पांढरकवड्याची बस उशिरा आलेली, त्यामुळे घामाघूम. मागून मामी, आणि तिच्यामागं बसमध्ये जेवढे मावले तेवढे आईच्या माहेरचे उईके. निशिगंधानं त्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं. बसता बसताच मामा ओरडला, "चालू झालं काय, बबे?"

"झालं मामा. अर्ध होत आलं."

मामानं पुढच्या रांगा न्याहाळल्या. "मंग हे काहून असे बसले? मयतीले आले काय?"

मागच्या खुर्च्या हसल्या. हॉलमधला तो त्या दिवशीचा पहिला खरा हशा.

"अव पोरी," मामा म्हणाला, "सारे सात देवाचेच पुढं बसवले तू. सारे भाऊच. भाऊ कसे हसतीन तुह्यावर? शिकूनसवरून एवढं बी ध्यानात नाही राह्यलं?"

आणि बबिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोंडांत माणूस भेटला की आधी विचारतात, किती देवांचे. मडावी सात देवांचे. सात देवांचे तेवढे सगळे एकमेकांचे भाऊबंद, तिथं मान राखायचा, मर्यादा पाळायची. बहिणीची, लेकीची चारचौघांत थट्टा चालली असताना दात काढायचे नाहीत. उईके सहा देवांचे, म्हणजे सोयरे. थट्टा करायचा आणि थट्टेला हसायचा हक्क सोयऱ्यांचा. लग्नात सोयऱ्यांच्या बाया अशा काही टोमण्यांची गाणी म्हणतात, की नवरदेवाला पळून जावंसं वाटतं. हे सगळं बबिता लहानपणापासून पाहत आली होती. आणि आता तिनं हौसेनं शोधून शोधून, फोन करकरून, ज्यांना हसायची बंदी आहे तेवढेच लोक पुढं आणून बसवले होते.

मामाला जोर चढला. "भाऊजीकडे पाहा. शर्टाची घडी मोडन म्हून श्वास बी नाही घेऊन राह्यले."

मागं हशा. पुढं शांतता. आता यात एक अडचण असते. सोयऱ्यानं टोमणा मारला की गप्प बसता येत नाही. गप्प बसलं की आपल्या घराण्याची हार. आणि परतफेड टोमण्यानंच करायची असते. बबितानं लाल शाईची संहिता माइकच्या स्टँडखाली ठेवली.

"मामा, कपड्याबद्दल तुमी नका बोलू. तुमच्या लग्नात तुमी जो कोट घातलता, तो माह्या बाबाचा होता. अजून वापस नाही आला."

"कोट घेऊन जा," मामा म्हणाला. "संगं तुह्या मामीले बी घेऊन जा."

"मी तयार हाय," मामी लगेच उठून उभी राहिली. "कधीची बस हाय?"

मागचा हॉल कोसळला. भिशीच्या बायकांना रडावं की हसावं कळेना, मग त्यांनी हसायचं ठरवलं. पुढचे सात देवांचे मात्र शिस्तीनं बुटांकडे बघत होते. दोघातिघांचे खांदे हलत होते, पण तोंडावर रुमाल होता.

साहेब अस्वस्थ झाले. त्यांनी बोट वर केलं. "मॅडम, हे संहितेत नव्हतं. आणि हे सात देवांचं म्हणता, मग आमच्यासारख्यांनी हसायचं की नाही? त्याचे काही नियम?"

बबितानं त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या नोकरीत तिनं त्यांच्याकडे इतकं सरळ कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, मी नोकरीले लागली तवापासून तुमी न इचारताच हसून राह्यले. आज काहून इचारता?"

साहेबांचं बोट वरच राहिलं. बबितानं त्यांना श्वास घेऊ दिला आणि मग म्हणाली, "गंमत करून राह्यली बरं, साहेब. मनाले लावून नका घेऊ."

यावर हसायला देव विचारावे लागले नाहीत. कार्यालयातले जे दोघे-चौघे आले होते, ते तर आधी इकडेतिकडे बघून आणि मग पोट धरून हसले. विठ्ठलरावांना राष्ट्रगीताची फार गरज वाटली.

आता बबिता थांबणार नव्हती. तिनं चहा सांगितला, कोटा सांगितला, मोरपिसं सांगितली. पळसाच्या पानातलं मलमसुद्धा सांगून टाकलं. विजयमालाताई ताडकन उठल्या आणि गुडघ्याला काहीही त्रास न होता तरातरा बाहेर गेल्या. त्यामुळे औषधाचा गुण सगळ्यांनाच दिसला.

"ते सारं ठीक हाय," मामा मागून म्हणाला. "पन भाऊजी एवढी इस्त्री कायले करते, ते नाही सांगतलं तू. लाजते काय तुह्या बापाले?"

लाजते काय. हा शब्द त्यानं वापरायला नको होता. लेकीनं बापासाठी बोलायचं नाही तर मग कोणी बोलायचं? आईची शपथ बबिताला आठवली, पण तोवर तोंड उघडलं होतं.

"माहा बाप लाजाचा मानूस नाही, मामा. ऐक. नवीनच मास्तर झालते. आडगावची शाळा. सुट्टीचा दिवस, म्हून शर्ट काढून नुसत्या बंडीवर अंगन झाडून राह्यलते. तेवढ्यात जीपमंदून तपासणीचा साहेब उतरला. याहीले वरून खाली पाह्यलं अन् म्हने, जा रे, मास्तरले बोलाव. बाबानं हो म्हन्लं. आत गेले. शर्ट घातला, केस विंचरले, अन् समोरच्या दारानं बाहेर येऊन म्हन्ले, नमस्कार साहेब, मी मडावी मास्तर. साहेब म्हने, बसा गुरुजी. तुमचा शिपाई मोठा चपळ हाय."

हॉलला समजायला एक क्षण गेला, आणि मग जे काही झालं ते मागच्या रस्त्यावरही ऐकू गेलं असेल. मामा खुर्चीवरून खाली बसला. केळापूरचा एक चुलता मर्यादा वगैरे विसरून फुटला आणि लगेच खोकल्याचं नाटक करायला लागला. बबिता मात्र एकाच माणसाकडे बघत होती. बाबा उठले. शर्टाची घडी सारखी केली. कोणाकडेही न बघता ते मधल्या वाटेनं चालत गेले आणि बाहेर पडले.

नंतर टाळ्या किती वेळ वाजल्या, निशिगंधानं कितीदा मिठी मारली, ते बबिताला कळलंच नाही. घरी आई तिच्याशी बोलली नाही. बाबा देवघरासमोर बसून होते, मग जेवले, मग झोपले. मामा मुक्कामाला राहिला होता, तोही गप्प होता, आणि मामा गप्प आहे म्हणजे प्रकरण भलतंच गंभीर होतं. बबिता रडली. बापानं जन्मभर जी एक गोष्ट झाकून ठेवली, ती आपण माइकवर सांगितली. कार्यालयातले लोक काय वेगळं करत होते?

सकाळी फाटक वाजलं. विजयमालाताई. बबितानं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"मलम माह्याकडे हाय," त्या तोंड फिरवून म्हणाल्या. "पान तेवढं दे."

बबितानं पान दिलं. मग चहा केला आणि दोन कप घेऊन ओसरीकडे निघाली. दाराशी पोचली आणि थांबली. ओसरीवर बाबा आणि मामा बसले होते. साळ्याची आणि भाऊजीची थट्टा म्हणजे सोयऱ्यांची हक्काची थट्टा, तिथं कसली आली मर्यादा. बाबा पुस्तकी मराठी साफ विसरले होते, निम्मं गोंडीत आणि निम्मं वऱ्हाडीत बोलत होते.

"पोरीनं बराबर सांगतलं, पन अर्धच सांगतलं," बाबा म्हणत होते. "तिच्या मायलेच पुरं माईत नाही, तं तिले कोन सांगन? अरे, मंग चहा आला ना पाटलाकडून. साहेब म्हने, गुरुजी, तुमच्या शिपायाले बी द्या एक कप, बिचाऱ्यानं लय झाडलं. मी म्हन्लं, देतो साहेब. आत गेलो, शर्ट काढला, कप पेलो. बाहेर आलो, शर्ट घालून माहा कप पेलो. दोनी कप मीच पेलो, पैकू. अन् साहेब म्हने, शिपायानं धन्यवाद बी नाही म्हन्लं."

आणि बाबा हसले. मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खळखळून हसले. शर्टाची सगळी इस्त्री चुरगळली. मामा तर ओसरीवर आडवाच झाला. बबिता दाराआड उभी राहिली, हातातले कप सांडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून.

मग बशी वाजली. बाबा एकदम सरळ बसले. शर्ट ओढून नीट केला, चष्मा घातला, पेपर उचलला. बबितानं त्यांच्यापुढं कप ठेवला. मामा छताकडे बघत होता.

"बबिता," बाबा पेपरमागून शुद्ध मराठीत म्हणाले, "त्या गोष्टीत चहा राहून गेला. यापुढे सांगत जा."